लेकरांची हागवण आणि गावचं पाणी



पावसाळा लागला की मेळघाटात तान्ह्या लेकरांना हागवण लागते. दवाखान्याच्या कागदावर ‘तीव्र अतिसार’ लिहितात, पण तो कशाने झाला हे मायबापाला कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही इथं लिहितो.

हा जंतूंचा आजार आहे. बाहेरचं काही नाही, आईच्या दुधाचाही दोष नाही. लस येण्याआधी देशातल्या दवाखान्यांत तपासणी झाली. जुलाबाने भरती झालेल्या दर दहा लेकरांपैकी सुमारे चारांना रोटा नावाचा विषाणू निघाला. बाकीच्यांत ई. कोलाय, शिगेला, कधी कॉलरा. रोटावर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा कोंबड्या विकून सुईवाल्याचं घर भरू नका. शौचात रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरच पाहिजे. रोटाची लस सरकारी आहे, फुकट आहे, २०१९ पासून महाराष्ट्रात तोंडावाटे देतात: सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. नर्सबाई आली की मागून घ्या.

लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी गेल्यानं. आपल्याकडं म्हणतात, “टाळू पडली.” टाळू खोल जाते ती पाणी आटल्यामुळंच. तिथं पोटाले डंबा देऊन काय होणार? भुमकाबाबांनाही आमचं हेच सांगणं आहे, आणि रागानं नाही. दवाखाना दूर अन् बाबा जवळ, म्हणून लोक आधी तिकडं जातात. अंगावरचं दूध तोडू नका. एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची एक पुडी, चमचा चमचा पाजत राहा. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या, जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्या. लेकरू सुस्त पडलं, पाणीही पोटात ठरेना, तर वाट पाहू नका.

पण पुडीनं विहीर साफ होत नाही. जुलै २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा आला, माणसं गेली. बिल थकलं म्हणून पाण्याच्या पंपाची वीज तोडलेली, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. बिलाचा हिशोब कागदावर राहिला, त्याची किंमत गावानं मोजली.

आणि नवी विहीर, टाकी, पाइपलाइन मागितली की ऐकू येतं, “जमीन जंगलाची आहे.” वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचून दाखवा. पिण्याचं पाणी, पाइपलाइन, दवाखाना, अंगणवाडी यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे पहिला कागद आपल्याच हातचा आहे. पट्ट्याच्या दाव्यासाठी आपण नकाशे काढले, तसाच पाण्याचा नकाशा काढा: कोणती विहीर उघडी, कोणत्या झऱ्यावर गुरं, हातपंप कधीपासून बंद. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या, कारण पाणी त्याच भरतात. ठरावाची एक प्रत पोच घेऊन द्या, एक आमच्याकडं पाठवा.