नितळ ते सारेच शुद्ध नव्हे

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंत गंगादशहरा. नदीची पूजा होते, ओटी भरली जाते, ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून मस्तकी लावले जाते. ते पाणी नितळ दिसले की भाविकाचे मन निःशंक होते. परंतु नितळपणा हा केवळ डोळ्यांचा निर्वाळा होय. शुद्धतेची परीक्षा याहून सूक्ष्म आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

नदीच्या पाण्यात आता औषधे व कीटकनाशके विरघळलेली आढळतात. बहुधा त्यांना ना रंग, ना वास. तुरटीने गाळ बसतो, ती बसत नाहीत. त्यांचे प्रमाण पुष्कळदा १०० कोटी लिटर पाण्यात काही ग्रॅम इतकेच असते. तरीही ते मोजता येते. पाणी शोषक द्रव्याच्या नळीतून सोडले की रसायने तेथे अडकतात. ती द्रावकाने उतरवून, यंत्रात वेगवेगळी करून, रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखली जातात. मात्र शोध बहुधा नेमलेल्या द्रव्यांचाच होतो. यादीत नसलेले विष अहवालातही उमटत नाही. उलटपक्षी, सापडले म्हणजे अपाय झालाच असेही नव्हे. निर्णय प्रमाणावर अवलंबून असतो.

हैदराबादजवळील पाटणचेरूचे उदाहरण पाहावे. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनचे शास्त्रज्ञ जोआकिम लार्सन व त्यांचे सहकारी यांनी तपासले. २००७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत! औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते एवढे नसते. अशा पाण्यात जे जंतू तगतात, ते औषधाला दाद देईनासे होतात. तेथील ओढ्यांचे पाणी पुढे मांजरेस मिळते. ती मांजरा आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावणारी, आणि अखेर गोदामाईच्या पदरी जाणारी.

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांस मर्यादा सुचविली होती. २०२१ च्या अंतिम नियमांतून ती गळाली. मोजण्याची विद्या हाती असूनही जेथे मर्यादाच नाही, तेथे दोष कोणाच्या पदरी घालावा?

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकण्याचा निषेध आहे, आणि त्याच श्लोकात विषाचाही उल्लेख आहे. निषेध प्राचीन आहे, मापन अर्वाचीन आहे. राजाज्ञा तेवढी मध्ये हवी. आमच्या मते नदीची ओटी भरणाऱ्या हातांनी ती मागणे, हाही पूजेचाच भाग होय.