किटलीला मेंदू कशाला?
लोह्यात परवा एका रिपेअरिंगच्या दुकानात डिस्प्लेवाली इलेक्ट्रिक किटली उताणी पडलेली पाहिली. कंपनीचं उत्तर ठरलेलं: बोर्ड मिळत नाही, नवी घ्या. कारागिरानं मल्टिमीटर लावला. कॉइल शाबूत, थर्मल फ्यूजही शाबूत. दुखणं निघालं बोर्डावरच्या पिवळ्या चौकोनी कपॅसिटरचं. त्याची क्षमता झिजली की रिलेला ओढ राहत नाही. दिवे लुकलुकतात, पाणी मात्र गारच. दोन चहाच्या पैशात सुटा भाग मिळतो, त्यापायी अख्खी किटली भंगारात! (प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, तेव्हा घरी पेचकस घेऊन बसू नका.) सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पण लोह्याच्या दुकानात बोर्ड पोचला नाही तर तो हक्क काय उकळून प्यायचा? आणि मुळात बोर्ड हवाच कशाला? साध्या किटलीत वाफ लागली की दोन धातूंची पत्री वाकते, खटका पडतो, काम संपलं. आठ-आठ बटणं आणि चाळीस, साठ, ऐंशी अंशांचे नखरे त्या हिरव्या चहावाल्यांचे. आपला चहा पातेल्यातच उकळतो. किटली घ्यायचीच असेल तर एका खटक्याची घ्या, दुकानदार कितीही नाक मुरडो.