व्हिडिओ कॉलवर पाय दिसत नाहीत



आज पायांबद्दल लिहितेय. गुडघ्यांबद्दल नाही, त्यांची चौकशी आपल्या घरात रोजच होते. मी म्हणतेय ते खालचं: घोटा, चवडा, बोटं. तिकडे कोणी बघतच नाही.

गेल्या मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला आली. त्याआधी दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि "मी मस्त आहे गं" हे ठरलेलं उत्तर मिळायचं. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली होती, पण ती आपण सगळेच सांगतो, म्हणून मनात काही आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती जिना उतरताना दिसली. कठडा धरून, एकेक पायरी, पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकत. विचारलं तर म्हणाली, "चवड्याखाली खडे आल्यासारखे वाटतात. तासाभराने सुटतं. वय झालं, चालायचंच!"

कधीपासून? "झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

इथल्या जीपीने दोन्ही चवडे बाजूंनी हलकेच दाबले, तर आई कळवळली. इंग्लंडमध्ये पाहुण्यांना जीपीची तपासणी मोफत असते, पण पुढच्या हॉस्पिटलच्या उपचारांचे पैसे भरावे लागतात, आणि प्रवास विम्यात जुनी दुखणी बहुतेक वेळा बसत नाहीत. शेवटी तिकीट अलीकडे घेऊन आई पुण्याला परतली. तिथल्या संधिवाततज्ज्ञांनी आमवाताचं निदान केलं. औषधं सुरू झाली, सूज उतरली, सकाळ सोपी झाली. पण दोन बोटं वाकडी झाली होती, ती तशीच राहणार.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: "वय झालं" हे निदान नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून केलेलं दुर्लक्ष आहे, आणि त्यात मी पहिली.

एका पावलात 26 हाडं आणि तीसहून जास्त सांधे असतात. सगळ्या दुखण्यांना आपण "वात" म्हणतो, पण त्यांचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे. झिजेचा संधिवात चालल्यावर वाढतो आणि विश्रांतीने कमी होतो. सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात जातो. बरेचदा अंगठ्याच्या मुळाचा सांधा आखडतो. आमवातात उलट असतं. सकाळी जास्त त्रास, बराच वेळ ताठरपणा, आणि बहुधा दोन्ही पायांना. गाऊट रात्रीत येतो: अंगठा लाल, गरम, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. आणि सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल, तर तो बहुतेकदा संधिवात नसतोच.

यातला आमवात थांबत नाही. सांध्याची एकदा झालेली हानी भरून येत नाही, म्हणून उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हातापायांचे छोटे सांधे सुजत असतील, तर रक्ततपासणी नॉर्मल आली तरी तज्ज्ञांकडे तातडीने पाठवायचं असतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून गप्प बसू नका.

"इतक्या लांबून आपण काय करणार?" असं कोणीतरी म्हणेलच. मी काय करते ते सांगते.

"कशी आहेस?" विचारणं सोडलं. आता विचारते, "सकाळी उठल्यावर पाय मोकळे व्हायला किती वेळ लागतो? जिना कसा उतरतेस? कॅमेरा जरा पायांकडे कर बघू." आधी लाजली, आता स्वतःहून दाखवते. तिची आमवाताची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तो वार माझ्याही फोनमध्ये लावलाय.

दुसरी गोष्ट पादत्राणांची. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढायची आणि त्यावर बूट ठेवायचा. रेषा बाहेर दिसली तर बूट अरुंद आहे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच कमी उंचीची, तळ जाड, बांधायला पट्टा. आणि हो, घरातही. लाकडी फरशीवर दिवसभर अनवाणी चालणं दुखऱ्या चवड्याला सोसत नाही. "घरात चपला?" म्हणून आईने नाक मुरडलं होतं. फक्त घरात वापरायची वेगळी जोडी आणली, देवघरापाशी ती काढते. प्रश्न मिटला.

तिसरी, भारतातून बॅगा भरून येणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे गरम पाण्याच्या शेकानेही भाजू शकतं. मधुमेह्याचा पाय अचानक लाल, गरम, सुजलेला दिसला, तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता आपल्याबद्दल. आमवात तिशी-चाळिशीतही होतो. नोकरी, मुलांच्या शाळा, शनिवारचे क्लास या धावपळीत "दमलेय" म्हणून आपणही तेच करतो जे आईने केलं. मुलांचे पाय वाढले की बूट बदलतो, स्वतःचे पाय शेवटचे कधी मोजले? आणि मूल सकाळी लंगडत असेल, दुपारी नीट पळत असेल, तरी "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका. वाढीच्या दुखण्यात मूल लंगडत नाही. मुलांनाही संधिवात होतो.

आई परत गेली तेव्हा मी खूप रडले. सहा महिन्यांचे ते अडीचच झाले. त्याआधीच्या दीड वर्षात सत्तर-ऐंशी रविवार होते, आणि त्यातल्या एकाही रविवारी मी तिच्या पायांबद्दल विचारलं नव्हतं.

या रविवारी तुम्ही विचारा.