शेटजी, हिशेब मांडाच!



बदलापूरहून पहाटेची पहिली लोकल सुटते. तिच्यात कोण बसलेलं असतं? अंबरनाथची झाडूवाली बाई, उल्हासनगरच्या कॅम्पातला रखवालदार, बदलापूरच्या चाळीतली इस्पितळातली आया. कित्येक पोरं परळला उतरतात आणि ज्या जमिनीवर त्यांच्या बापानं साचे चालवले, तिथंच लादी पुसायला उभी राहतात. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जमिनी २००५ साली विकल्या गेल्या. आज तिथे पैशाचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांचे काचेचे मनोरे आहेत. वरच्या मजल्यावरच्या बड्या साहेबाचा एका वर्षाचा बोनस लादी पुसणाऱ्या पोराला जन्मभरात दिसायचा नाही!

आणि वर आम्हालाच ऐकवतात, "बाबांनो, ज्याच्या कामाचं मोल मोठं, त्याचा पगार मोठा. बाजाराचा न्याय आहे हा!"

वा रे न्याय! हा न्याय आम्ही पूर्वीही ऐकला आहे. मुंबईसह महाराष्ट्र मागितला, तेव्हा थैलीशहा हेच सांगत होते : मुंबई आमच्या भांडवलानं उभी राहिली, तुम्ही फक्त राबलात. फक्त! त्या 'फक्त'ला २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर छातीवर गोळ्या झेलून उत्तर दिलं गेलं. १ मे १९६० ला राज्य मिळालं. पण तो 'फक्त' मेला नाही. तो आता पगारपत्रकात दडून बसला आहे.

तेव्हा शेटजी, हिशेबच करू.

पहिला सवाल : काम थांबलं तर काय होतं?

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशभर टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवसापासून लोकल बंद. १५ जूनला गाडी पुन्हा सुरू झाली ती कोणासाठी? सरकारनंच यादी केली आणि तिच्यावर शब्द लिहिला : अत्यावश्यक. त्या यादीत झाडूवाली होती, वॉर्डबॉय होता, पाण्याच्या पंपावरचा माणूस होता. बडे साहेब तेव्हा घरी बसून फोनवर सौदे करत होते. बारवी धरणाचं पाणी तीन दिवस नळाला आलं नाही, तर उल्हासनगर-अंबरनाथमध्ये हाहाकार उडेल. सट्ट्याचा सौदा तीन दिवस झाला नाही, तर कोणाच्या घरची चूल विझेल?

टाळ्या आम्ही ऐकल्या. पण टाळीनं भात शिजत नाही, शेटजी. यादीत नाव अत्यावश्यक आणि हातात कागद कंत्राटाचा, हा कुठला न्याय?

दुसरा सवाल : जोखीम कोणाची?

म्हणतात, आम्ही जोखीम उचलतो म्हणून आम्हाला जास्त. खरं? २००८ साली अमेरिकेतल्या बड्या पेढ्या स्वतःच्या जुगारात बुडू लागल्या, तेव्हा त्यांना सावरायला तिथल्या सरकारनं ७० हजार कोटी डॉलरची तरतूद केली. नफा खाजगी, तोटा सरकारी! आणि घरचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. पहिल्या हुकुमात ठेवीदाराला सहा महिन्यांत काढता येणार होते फक्त एक हजार रुपये. जोखीम उचलली ती ठेवीदारानं, पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशानिशी.

खरी जोखीम बघायची तर गटाराच्या झाकणापाशी या. माणसाला त्यात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी केली, तरी माणसं गुदमरून मरतातच. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्या. म्हणजे मोल ठरलं, पण मेल्यावर!

आम्ही पैशाच्या कामाचे वैरी नाही. पठाणाच्या व्याजानं पिचलेल्या कामगाराला पतपेढीनं हात दिला, हे गिरणगाव विसरलेलं नाही. खिडकीमागचा बँकेतला कारकूनही आमचाच भाऊ. टाळेबंदीत तोही कामावर होता. आमचं भांडण आहे ते पैशाजवळ बसलो म्हणून पैसा आमचाच, असं म्हणणाऱ्याशी.

तिसरा सवाल, तो आपल्यालाच

शेटजी इथं हसून विचारतील, "१९८२ ला गिरण्या थांबल्या. मुंबई थांबली का?"

सवाल बोचरा आहे. त्याला बगल देऊ नका. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पण लोकांनी कापड नेसायचं सोडलं काय? कापड विणलंच जात होतं, भिवंडीच्या यंत्रमागांवर, आपल्याहून कमी मजुरीत, आपल्यासारख्याच हातांनी. काम गरजेचंच राहिलं. बेगरज ठरवला तो कामगार!

हीच खरी मेख आहे. पगार कामाच्या मोलावर ठरत नाही. तुझ्या जागी उद्या दुसरा उभा करता येतो की नाही, यावर तो ठरतो. बदलीवाल्याला फाटकाबाहेर उभं ठेवून कायमवाल्याला दबवायचे, आठवतं? आजचा कंत्राटी म्हणजे तोच बदलीवाला. फरक इतकाच, की आता फाटकाच्या आत कायमवाला उरू द्यायचा नाही!

आणि मनोऱ्यांची किंमत साहेबांच्या अकलेतून आली म्हणता? १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला होता. २००१ ला नियम फिरवला : वाटणी फक्त मोकळ्या जागेची. साच्यांनी गच्च भरलेल्या गिरणीत मोकळी जागा ती किती! घरासाठी दीड लाखाच्या वर अर्ज आले, आणि पुढे आम्हाला बोट दाखवलं बदलापूरच्या पलीकडचं, वांगणी-शेलूचं. 'घर मुंबईतच हवं' म्हणत म्हातारे गिरणी कामगार जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात उतरले, ते भीक मागायला नव्हे. ते थकलेलं येणं मागायला उतरले.

बंधूंनो, मागणं साधं आहे. जे काम रोज लागतं, ते कंत्राटावर नको, कायम करा. सारख्या कामाला सारखा पगार द्या. गिरणीच्या जमिनीतला आमचा वाटा मुंबईतच द्या. आणि हे एकेकट्यानं मागाल तर उद्या फाटकाबाहेर दिसाल. कॅम्पातला सिंधी भाऊ, अंबरनाथचा कंत्राटी, बदलापूरची आया, भिवंडीचा मागवाला, सगळे एका दमात मागा!

काम गरजेचं, तर कामगारही गरजेचा!
कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!