जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी

प्रोग्रॅमिंग, अकाउंटिंग किंवा डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींची एक तक्रार नेहमी कानावर येते : पडद्यावर व्याख्यान लावले की कोड लिहायला जागाच उरत नाही. नवा मॉनिटर घेण्याइतके पैसे नसतात. पण त्याच घरात मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप कपाटावर धूळ खात असतो. माझे म्हणणे सरळ आहे : आधी तो खाली काढा.

दोन लॅपटॉप केबलने जोडून भागत नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट सहसा चित्र फक्त बाहेर पाठवतो, आत घेत नाही. म्हणून चित्र नेटवर्कवरून न्यावे लागते. जुन्या मशीनवर विंडोज १० असेल, तर ऑप्शनल फीचर्समधून 'वायरलेस डिस्प्ले' घाला आणि मुख्य मशीनवर विंडोज आणि के ही बटणे एकत्र दाबा. जुने वायफाय कार्ड साथ देत नसेल, तर 'स्पेसडेस्क' वापरा. त्याला मुख्य मशीन विंडोजचे लागते, पण जुन्या मशीनवर नुसता ब्राउझर पुरतो. म्हणजे तिथे हलके लिनक्स टाकले तरी चालते.

यात जादू नाही, मर्यादा आहेत. १९२० बाय १०८० चा पडदा सेकंदाला ६० वेळा जसाच्या तसा पाठवायचा, तर सुमारे ३ गिगाबिटचा वेग लागेल. घरच्या वायफायला ते झेपत नाही. चित्र दाबून लहान करूनच पाठवावे लागते आणि माउस किंचित मागे राहतो. गेम आणि व्हिडिओ मुख्य पडद्यावर ठेवा. पीडीएफ, नोट्स, चॅट दुसऱ्यावर. लॅन केबल लावली तर फरक जाणवतो. आणि जुना संगणक डेस्कटॉप असेल तर हा खटाटोप करूच नका. त्याचा मॉनिटर सोडवून थेट लॅपटॉपला जोडा. फार तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चालू स्थितीतली कितीतरी मशीन आता 'निकामी' ठरवली जातील. इंटरनेटवर अशी मशीन वापरणे धोक्याचे, हे खरे. पण लिनक्स टाकून घरच्या नेटवर्कवर पडदा म्हणून वापरायला ती उत्तम आहेत. मात्र कॅफेच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर हा प्रयोग नको.

खरा प्रश्न घरापुरता नाही. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांना, संस्थांना संगणक दान मिळतात, फोटो निघतात आणि दोन वर्षांनी त्यांवर कापड पडते. नव्या संगणकांसाठी वर्गणी मागण्यापूर्वी त्या कापडाखाली काय आहे ते कोणी पाहत नाही. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या दोघा-तिघांनी एक रविवार दिला, तर त्यातले निम्मे पडदे कामाला लागू शकतील. ट्रस्टींकडे जा, कपाटाची किल्ली मागा.