शाळेत पोलीस हवा, पण कसा?

गेल्या पालकसभेत एक सूचना आली. जवळच्या पोलीस ठाण्यातील एखादा ठरलेला अधिकारी आपल्या शाळेशी जोडून घ्यावा, त्याचे नाव आणि नंबर मुलांना व पालकांना माहीत असावा, त्याने महिन्यातून एकदा शाळेत यावे. सूचना पुरती मांडून होण्याआधीच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "शाळेच्या दारात पोलीस दिसला तर लोक काय म्हणतील?" मग सभा तासभर लांबली. विश्वस्त मंडळासमोर हा विषय आता रीतसर येत आहे. त्याआधी आमचे मत सर्वांपुढे ठेवणे आम्हांस योग्य वाटते.

तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घराघरांतून लहानपणीच पोलिसाचा बागुलबुवा उभा केला जातो. जेवला नाहीस तर पोलीस येईल, रडलीस तर पोलीस धरून नेईल. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे दरोगाच्या नावाने घाबरवीत, एवढाच काय तो फरक! अशा धाकात वाढलेले मूल खरोखर संकटात सापडले, तर ते पोलिसाकडे जाईल की त्याच्यापासून लपेल? रिक्षावाला नको तसा हात लावतो, कोणी मोबाईलवर फोटो मागून धमकावतो, वरच्या वर्गातला मुलगा पैसे उकळतो. या गोष्टी मूल घरी सांगत नाही, कारण ओरडा बसेल. शाळेत सांगत नाही, कारण बोभाटा होईल. सांगावे असा तिसरा माणूस त्याला ओळखीचाच नसतो.

हा प्रयोग काही आपण पहिल्यांदा करीत नाही. केरळमध्ये ऑगस्ट २०१० मध्ये १२७ शाळांत 'स्टुडंट पोलीस कॅडेट' योजना सुरू झाली. तिथे मुलांना कवायत आणि कायद्याची ओळख देतात, आणि शाळेतलेच शिक्षक पोलीस ठाण्याशी दुवा म्हणून काम करतात. केंद्र सरकारने २१ जुलै २०१८ रोजी गुरुग्राम येथे ही योजना देशपातळीवर आणली. इयत्ता आठवी-नववीसाठी, महिन्याला एक तास, परीक्षा नाही. तो भर मुख्यतः सरकारी शाळांवर होता. मुंबईत 'पोलीस दीदी', पुण्यात 'पोलीस काका' निघाले. आपल्या बडोद्यातही 'शी टीम' आहे, 'सुरक्षा सेतू'मधून मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले गेले आहेत. पण पाहुणे म्हणून येऊन भाषण देऊन जाणे वेगळे, आणि वर्षभर तोच चेहरा दिसणे वेगळे. मूल चेहऱ्यावर विश्वास ठेवते, खात्यावर नाही.

कायद्यातही याची सोय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०७ प्रमाणे पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमायचा असतो. म्हणजे आपल्याला नवे पद मागायचे नाही. जो माणूस नेमलेला असायला हवा, त्याला शाळेत बोलवायचे आहे.

मात्र दुसरी बाजूही पाहावी. कॅनडात टोरांटोच्या शाळांत २००८ पासून पोलीस अधिकारी ठेवण्यात आले होते. एका शाळेत १५ वर्षांच्या विद्यार्थ्याची गोळी घालून हत्या झाल्यानंतर हे झाले. तरी २०१७ मध्ये तिथल्या सार्वजनिक शाळा मंडळाने ती योजना बंद केली, कारण कित्येक मुलांना, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांना, आपल्यावर पाळत आहे असे वाटू लागले होते. आपल्या वर्गांतही सर्व मुले सारख्या घरांतून येत नाहीत. ज्याच्या वडिलांची हातगाडी एकदा पोलिसांनी उचलली असेल, त्याला खाकी रंग काय सांगतो याचा विचार आपण करायलाच हवा.

म्हणून आमचा होकार आहे, पण अटींवर. त्या अटी तोंडी नकोत, लेखी हव्यात. अधिकारी शक्यतो महिला असावी आणि मुलांशी बोलताना गणवेशात नसावी. पॉक्सो कायदा, २०१२ मुलाचा जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात नसावे असे सांगतोच. मग साध्या गप्पांना खाकी कशाला? शाळेच्या आवारात कोणत्याही मुलाची चौकशी पालकांना कळविल्याशिवाय होणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, शिस्त हे शिक्षकांचे काम आहे. गृहपाठ न करणारा, बाकावर नाव कोरणारा, मधल्या सुट्टीत मारामारी करणारा मुलगा पोलिसाकडे जाणार नाही. 'थांब, मॅडमना सांगते' असे म्हणून त्या अधिकाऱ्याचा धाक घालणाऱ्या शिक्षकांना आम्ही आजच सांगून ठेवतो, हे चालणार नाही. मुलावर अत्याचार झाल्याचे कळले, तर मात्र लपवालपवी नाही. पॉक्सोप्रमाणे ते न कळविणे हाच गुन्हा आहे, मग शाळेच्या नावाचे काय होईल ते होवो.

कामे पुष्कळ आहेत. शाळा सुटताना वासणा रस्त्यावर रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या गाड्या यांची जी कोंडी होते, तिच्यावर आपण आजवर फक्त एकमेकांना दोष देत आलो. सहलीची माहिती आधी ठाण्यास देता येईल. हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला गेलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या, ते या शहरातले कोणी विसरलेले नाही. आणि जे पालक नववी-दहावीच्या चिरंजीवांच्या हाती क्लासला जाण्यासाठी स्कूटरची किल्ली देतात, त्यांना तो अधिकारी २०१९ ची मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती समजावून सांगू शकेल. त्यात पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आम्ही सांगून दमलो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचेही मत हवे आहे. कार्यालयाजवळ एक पेटी ठेवली आहे. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची गरज नाही. चिठ्ठ्या आम्ही स्वतः उघडू, वर्गशिक्षकांच्या हाती जाणार नाहीत. अटींचा मसुदा कार्यालयात वाचावयास मिळेल. पालकांनी आपल्या सूचना विश्वस्तांच्या बैठकीपूर्वी लेखी द्याव्यात. विरोध असल्यास तोही कारणांसह द्यावा. तोवर १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिला जाईल, आणि तो कोणी पुसायचा नाही.