गोविषाणू आणि कर्करोग

गुरांच्या विषाणूंमुळे माणसाला कर्करोग होतो काय, हा प्रश्न गेली काही वर्षे शास्त्रज्ञांपुढे आहे. तो दुधाशी निगडित असल्यामुळे घरोघरी चिंता उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु चिंता निराळी आणि पुरावा निराळा, हे सुबुद्ध वाचकांनी विसरू नये, अशी आमची विनंती आहे.

गुरांच्या रक्तकर्करोगाचा विषाणू १९६९ साली अमेरिकेत सापडला. बर्कले येथील गर्ट्रूड ब्यूरिंग यांनी २०१५ साली २३९ स्त्रियांच्या स्तन-ऊतींची तपासणी प्रसिद्ध केली. त्या विषाणूचा अंश कर्करोग झालेल्यांपैकी ५९ टक्के स्त्रियांत आढळला. न झालेल्यांतही तो २९ टक्के होता. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील संशोधकांनी स्तनाच्या ५१ कर्करोगांची संपूर्ण जनुकीय माहिती धुंडाळली. तीत त्याचा मागमूसही लागला नाही. तेव्हा हा आरोप आहे, निकाल नव्हे.

तथापि तो हसण्यावारी नेणेही शहाणपणाचे होणार नाही. कोंबड्यांतील एक कर्करोग विषाणूमुळे होतो, हे पेटन राउस यांनी १९११ साली दाखविले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास १९६६ साल उजाडले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील विषाणू शोधून २००८ साली तोच मान मिळविणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीही उत्तरायुष्यात गुरांकडे बोट दाखविले. गोमांस कमी खाणाऱ्या भारतात आतड्याचा कर्करोग कमी का, असा त्यांचा प्रश्न होता. तो विचारार्ह आहे. पण आहाराखेरीज इतरही भेद असतात, हे ध्यानी धरले पाहिजे.

मग कर्तव्य काय? दूध टाकू नये, तापवून प्यावे. उष्णतेने हा विषाणू निष्प्रभ होतो. बाधित जनावरे निवडून काढून युरोपातील अनेक देशांनी आपले गोठे रोगमुक्त केले. आपल्या सरकारनेही गोधनाची पद्धतशीर तपासणी करावी आणि या आरोपाची छाननी स्वतंत्र प्रयोगशाळांकडे सोपवावी. गोपालकाच्या पोटावर पाय न देता हे साधता येईल.

मात्र संशयिताच्या मागे धावताना सिद्ध अपराधी मोकळा सुटू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. ती प्रत्येक मुलीपर्यंत पोचविण्यास तरी आणखी कोणत्या पुराव्याची वाट पाहावयाची?